अमिरातीच्या उन्हात रंगपेटी



२०२० च्या सप्टेंबरात इस्राएल आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात करार झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तेल अवीवहून दुबईला थेट प्रवासी विमानं सुरू झाली आणि २०२१ च्या ऑक्टोबरात व्हिसाचीही अट गेली. मग आपल्यातली बरीच मंडळी तिकडे फिरून आली. आल्यावर भेटायला गेलं की काय दाखवतात? बुर्ज खलिफाचे फोटो, मॉलमधल्या मत्स्यालयाचे फोटो, सोन्याच्या बाजारातला एखादा गोफ. त्यात वाईट काही नाही, आम्हीही बुर्ज खलिफा पाहिला. ८२८ मीटर म्हणजे मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. पण तिथं बसून चित्र काढण्यासारखं किती आहे हे कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

मी पेशानं नर्स, चित्रकार नव्हे. भारतात शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या होत्या. तुमच्यापैकी अनेकांनी दिल्या असतील. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि उंटाच्या शिक्क्याची ती रंगपेटी! इथं आल्यावर पस्तीस वर्षं वॉर्डात तापाचे तक्ते भरले, रेघेशी संबंध राहिला तो तेवढाच. निवृत्त झाल्यावर आमच्या मतनासमधल्या जलरंगाच्या वर्गात नाव घातलं, आणि २०२३ च्या जानेवारीत लेक, जावई आणि बारा वर्षांचा नातू यांच्याबरोबर आठवडाभर अमिरातीला गेले तेव्हा पर्समध्ये पोस्टकार्डाएवढी वही आणि बारा रंगांची डबी घेतली. नातवालाही एक वही दिली. तो म्हणाला, "सफ्ता, माझ्याकडे कॅमेरा आहे की." मी म्हटलं, असू दे. दोन्ही घे.

पहिलं चित्र दुबईच्या खाडीवर. खाडी हा आपला कोकणातला शब्द तिला अगदी चपखल बसतो. समुद्राचं पाणी गावात शिरलेलं, दोन्ही काठांवर वस्ती, मधून होड्यांची ये-जा. तिथले लोक तिला खोर म्हणतात. एका काठाला बर दुबई, दुसऱ्या काठाला देइरा. पलीकडे जायला अब्रा नावाची उघडी लाकडी नाव. मी गेले तेव्हा तिचं भाडं एक दिरहॅम होतं. मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून बसायचं आणि पाच-सात मिनिटांत पैलतीर. रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत ज्यांनी तास घालवलेत, त्यांना डोळे मिटून बसलं तरी ओळखीचं वाटेल. तोच डिझेलचा वास, तोच फळीखालचा पाण्याचा आवाज.

देइराच्या काठाला मोठी लाकडी गलबतं ओळीनं लागलेली असतात. आपल्या कच्छमधल्या मांडवीला आणि केरळातल्या बेपूरला अशी जहाजं बांधतात. धक्क्यावर माल उघड्यावर रचलेला असतो, फ्रिज, टायर, गाद्या, पोती. चित्र काढायला हे फार सोयीचं, कारण गलबत जागचं हलत नाही. चित्र काढणाऱ्यांसाठी एक सूचना: दुपारनंतर बर दुबईच्या बाजूला बसा. ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि समोरच्या गलबतांच्या कुशीवर पडतं. सकाळी त्याच जागी बसलात तर सूर्य डोळ्यांत, आणि समोरचं सगळं काळं दिसेल. जानेवारीत तिथं सहाच्या आत सूर्यास्त होतो, म्हणजे हाती दोन-अडीच तासच असतात.

मी बसले होते तिथं एक अब्रावाला येऊन मागं उभा राहिला. बांगलादेशातला पोरगा होता. बराच वेळ बघून म्हणाला, "मेरी वाली बनाओ ना, मैडम. वो नीली." मग गलबतांच्या पुढं त्याची निळी नाव आली. खरं सांगायचं तर तिच्यामुळेच त्या चित्राला काहीतरी रूप आलं, नाही तर नुसता तपकिरी रंग होता.

याच खाडीचा सगळ्यांत जुना ज्ञात नकाशा १८२२ सालचा आहे, आणि तो काढणारे आपल्या मुंबईहून गेलेले होते. ईस्ट इंडिया कंपनीचं एक आरमार मुंबईला असे, 'बाँबे मरीन'. त्यातल्या लेफ्टनंट कोगन यानं लेफ्टनंट गाय याच्या देखरेखीखाली हा नकाशा तयार केला. त्याही आधी, १८०९ साली, मुंबईहून एक मोठी लष्करी मोहीम रास अल खैमावर गेली. ती आताच्या अमिरातीतली उत्तरेकडची अमिरात. मोहिमेत गोऱ्या पलटणींबरोबर मुंबई इलाख्याचे देशी शिपाईही होते. ६५ व्या पलटणीतला रिचर्ड टेंपल नावाचा एक लेफ्टनंट त्या धामधुमीत चित्रं काढत होता. त्याची सोळा दृश्यं १८१३ मध्ये इंग्लंडमध्ये छापून निघाली. किनारा, तट, जहाजं, जळणारं गाव. आता ती चित्रं काढणारा कोणाच्या बाजूनं लढत होता हे विसरून चालणार नाही. इंग्रज ज्यांना चाचे म्हणत होते, त्यांच्या वंशजांना तो शब्द मुळीच मान्य नाही. पण फोटो निघण्यापूर्वीच्या त्या किनाऱ्याकडे बघायचं तर अशाच कोणाच्या तरी कागदावरून बघावं लागतं. तेव्हाची खाडी तर आता तशी उरलेलीही नाही. गाळ साचून ती बुजत चालली होती, म्हणून शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज घेऊन १९६१ च्या सुमारास ती उपसून घेतली. काठ बदलले, वळण बदललं. जाता जाता सांगते, त्या काळी दुबईत आपला रुपया चालत असे. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ पर्यंत त्या चालल्या.

आता बस्तकियाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या प्रवासात मला सर्वांत जास्त काही दिलं ते त्या मोहल्ल्यानं.

खाडीच्या बर दुबईकडच्या काठावर ही जुनी वस्ती आहे. इराणमधल्या बस्तक भागातले व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथं येऊन राहिले, म्हणून नाव बस्तकिया. आता पाटीवर 'अल फहिदी' असं लिहिलेलं असतं. जवळच १७८७ चा अल फहिदी किल्ला आहे. घरं समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाची, वरून गच्चीचा गिलावा. गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवलेल्या, म्हणजे सावली पडते. आणि घरांवर वाऱ्याचे मनोरे. त्याला बरजील म्हणतात. मनोरा वरच्या अंगाला चारी बाजूंनी उघडा असतो आणि आत फुलीच्या आकाराची भिंत असते. वारा कुठूनही आला तरी त्या भिंतीला अडून खाली खोलीत उतरतो, आणि गरम हवा दुसऱ्या कप्प्यातून वर निघून जाते. ना वीज, ना पंखा. बालमित्रांनो, उघड्या खिडकीपाशी पुठ्ठ्याची फुली करून उभी धरा आणि खाली हात ठेवून बघा, कळेल.

पुढं तेलाचा पैसा आला, वातानुकूलित घरं आली, आणि १९७० नंतर जुनी कुटुंबं नव्या वस्त्यांकडे निघून गेली. रिकाम्या घरांतून गोदामं झाली, परदेशी मजूर राहू लागले. १९८० नंतरच्या दशकात शासकाच्या कचेरीसाठी जवळजवळ अर्धी वस्ती पाडली गेली. उरलेलीही जाणार होती. रेनर ऑटर नावाचा एक ब्रिटिश वास्तुविशारद तिथंच एक घर दुरुस्त करून राहत होता. १९८९ मध्ये इंग्लंडचे युवराज चार्ल्स, म्हणजे आताचे राजे, दुबईच्या भेटीवर येणार होते. ऑटरनं त्यांना पत्र लिहिलं. चार्ल्स आले, गल्ल्यांतून फिरले, मनोऱ्यांचं कौतुक केलं आणि हे जपायला हवं असं बोलले. पाडापाडी थांबली. नंतर घरांची डागडुजी झाली, आणि आज तिथं चित्रांची दालनं आहेत. त्यातलं मजलिस दालन तर त्याच १९८९ साली उघडलं.

चार्ल्स स्वतः जलरंगात निसर्गचित्रं काढतात हे पुष्कळांना ठाऊक असेल. जागेवर बसून, उघड्यावर. शिवाय १९८५ पासून परदेश दौऱ्यावर जाताना ते स्वतःच्या खर्चानं एका चित्रकाराला बरोबर नेत आले आहेत. पहिला होता जॉन वॉर्ड, इटलीच्या दौऱ्यात. राजेरजवाड्यांचं मला फारसं अप्रूप नाही. पण माझा असा समज आहे की ज्याला अर्धा तास एका भिंतीकडे बघत बसायची सवय आहे, त्यालाच ती भिंत पाडू नका असं म्हणावंसं वाटतं. मोटारीतून जाणाऱ्याला ती नुसती जुनी भिंत.

मनोऱ्याचं चित्र काढताना मला आमचं कोकणातलं घर आठवत होतं. रेवदंड्याच्या बाजूला होतं ते. ओटी, माजघर, मागं न्हाणी, तिच्या कडेला जास्वंद. सगळे इकडे आले, घर विकलं गेलं, पडलं. त्याचा एकच फोटो आमच्याकडे आहे, मावशीच्या लग्नातला. त्यात माणसं वीस आणि घराचा हातभर तुकडा. पायऱ्या तीन होत्या की चार, यावर आम्हा भावंडांत अजून वाद होतो. तुमच्याकडेही असा एखादा वाद असेलच. नातवानं विचारलं, मग तू तेव्हा चित्र का नाही काढलंस? मी म्हटलं, तेव्हा ते घर होतं ना रे, चित्र कशाला काढायचं?

दुबईतच १९५१ साली जन्मलेले अब्दुल कादिर अल रईस हे तिथले नामवंत चित्रकार. बालपण कुवेतमध्ये गेलं, तिथल्या खुल्या कलाशाळेत ते शिकले. त्यांनी जलरंगात अशीच जुनी घरं, लाकडी दारं आणि त्यांच्यावरच्या सावल्या रंगवल्या. दारावरचा एकेक खिळा दिसतो. पुढं ते अक्षरांच्या आणि रंगांच्या वेगळ्या चित्रांकडे वळले. मला आपली दारंच आवडतात.

दुबईशी नाव जोडलं गेलेले आणखी एक चित्रकार म्हणजे आपल्या पंढरपूरचे मकबूल फिदा हुसेन. भारत सोडावा लागल्यावर २००६ पासून ते दुबईत राहिले आणि २०११ मध्ये लंडनला वारले. घोड्यांचे चित्रकार म्हणून त्यांना जग ओळखतं. पण इंदूरला वाढत असताना हा मुलगा सायकलवर रंगाचं सामान घेऊन गावाबाहेर निसर्गचित्रं काढत फिरायचा. तिथं त्याला नारायण श्रीधर बेंद्रे भेटले. त्यांचा जन्म १९१० चा, इंदूरच्याच मराठी घरातला. भारतभर हिंडून निसर्गचित्रं काढणारा असा माणूस विरळाच. याला चित्रं काढू द्या असं हुसेनच्या वडिलांना बेंद्र्यांनी समजावलं. मुलांनो, तुमच्यापैकी कोणाच्या आईवडिलांना समजवायचं असेल तर मला कळवा.

आता थोडं वाळवंटातल्या चित्रकामाबद्दल. सर्वांत पहिली अडचण रंग वाळण्याची. घरी मी आकाशाचा एक हात देऊन चहा टाकते, तोवर कागद ओला असतो. तिथं ब्रश उचलेपर्यंत कड वाळून रेघ उमटते. उपाय सोपा आहे. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्यायचा, छोटा ठेवायचा आणि केसांवर पाणी मारायची फवारणी जवळ ठेवायची. जलरंगात बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक असतो, तोच रंगाला कागदावर धरून ठेवतो. म्हणजे बाळंतिणीच्या लाडवात घालतो त्याचाच भाऊबंद. तो उन्हात तडकू नये म्हणून काही रंगांत मधही घालतात. नातवाला हे कळल्यावर त्यानं विचारलं, खाता येतो का? नाही! काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असे धातू असतात. ब्रशाला टोक काढायला तो ओठात धरायची सवय कोणाला असेल तर आजच सोडा, हे नर्स म्हणून सांगते. आणि बरं का, कॅमल हेअर म्हणून विकतात त्या ब्रशात उंटाचा केस एकही नसतो, बहुधा खारीचे असतात. खरा उंट समोर उभा असताना हे सांगायला मजा आली.

वाळूचा रंग सगळीकडे एक नसतो. किनाऱ्यालगत ती फिकी, जवळजवळ पांढरी, कारण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. आत जावं तशी तांबूस होत जाते. तो लोखंडाचा गंज, आपल्या गेरूत असतो तोच. आम्ही नेगेववाले वाळवंट पाहिलेले, पण नेगेव म्हणजे दगड आणि चुनखडी. एवढी तांबडी लाटांसारखी वाळू मी प्रथमच पाहिली. धुळीमुळे दूरचं सगळं फिकं दिसतं, म्हणून लांबच्या टेकड्यांना जरा जास्तच पाणी घालावं.

वयस्कर मंडळींनी हे आधी वाचावं. चित्रासाठी जायचं तर नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात तिथं पारा ४५ च्या वर जातो, चित्रच काय, फिरायलाही जाऊ नये. आपल्या वयात तहान उशिरा लागते, म्हणून तहानेची वाट न बघता दर वीस मिनिटांनी घोटभर पाणी प्यावं आणि त्याच वेळी उठून चार पावलं चालावं, पाय सुजत नाहीत. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन गाडीत ठेवून चित्राला बसू नका, बंद गाडी हिवाळ्यातही तापते. आणि ब्रशाच्या पाण्याची बाटली वेगळी, तिच्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहा. चित्रात रमलेला माणूस काय पितो ते बघत नाही.

कायद्याचंही भान हवं. राजवाडे, लष्करी ठिकाणं, विमानतळ यांच्यासमोर वही उघडू नये. तिथं विचारल्याशिवाय कोणाचा फोटो घेणं हा गुन्हा आहे, तेव्हा चित्रातही माणसाचा चेहरा, विशेषतः बायकांचा, न विचारता काढू नये. लांबची माणसं ठिपक्यांनी दाखवली की काम भागतं. निघण्यापूर्वी आपल्या सरकारची प्रवासाविषयीची ताजी सूचनाही जरूर पाहावी.

शेवटचे दोन दिवस आम्ही अल ऐनला होतो. दुबईहून मोटारीनं दीड तास, अबू धाबीच्या अमिरातीतलं हे जुनं गाव. बाहेर वाळू आणि हफीत डोंगर, आणि गावाच्या मधोमध खजुरांचं रान. अल ऐनच्या या बागांत खजुराची हजारो झाडं आहेत. २०११ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हटलं. मी आत पाऊल टाकलं आणि तोंडातून निघालं, "अगं बाई, ही तर वाडी!" खरंच, दोन्ही बाजूंना मातीची भिंत, मधून गल्ली, वर झापांची सावली. खजुरांखाली आंबा, केळ, अंजीर. आणि पाट! तिथं त्याला फलज म्हणतात. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उतारानं आणायचं आणि पाटानं प्रत्येकाच्या बागेत पाळीपाळीनं सोडायचं, ही युक्ती त्या भागात तीन हजार वर्षांपासूनची. २०२० मध्ये युनेस्कोनं तिचीही नोंद घेतली. पाळी कोणाची, किती वेळ, यावरून आपल्याकडे भाऊभाऊ बोलेनासे झालेले मी ऐकलेत.

इथला हिरवा रंग काढणं फार कठीण. डबीतला हिरवा लावला की प्लॅस्टिकचं झाड होतं. झापांवर धूळ असते, म्हणून हिरव्यात किंचित गेरूचा रंग आणि थोडा निळा घालावा लागला. दोन सकाळी गेल्या त्यात. पण सावलीतली गल्ली आणि तिच्या टोकाला उन्हाचा एक चौकोन, एवढंच काढलं, ते आता आमच्या बैठकीत लावलंय. बघणारा प्रत्येक जण विचारतो, "नवगाव का?"

परतीच्या वाटेवर रस्त्याच्या कडेला वाळूत एक झाड दिसलं. गाफ. २००८ पासून ते अमिरातीचं राष्ट्रीय झाड आहे, आणि २०१९ साली त्यांनी सहिष्णुतेचं वर्ष साजरं केलं तेव्हाही त्याचंच चित्र बोधचिन्ह म्हणून घेतलं. आपण त्याला शमी म्हणतो, दसऱ्याच्या गोष्टीत पांडवांनी शस्त्रं लपवली ते झाड. मुळं खूप खोल जातात म्हणून पाऊस नसतानाही हिरवं राहतं. नातवानं कॅमेरा गाडीतच ठेवला आणि वही घेतली. काढता काढता तो म्हणाला, "सफ्ता, याचा खालचा भाग कोणी कापलाय? अगदी सरळ आहे." कापलेला नव्हता. उंट मान उंच करून जिथवर पोचतात तिथवरचा पाला खातात, त्यामुळे झाडाची खालची कड पट्टीनं आखल्यासारखी दिसते. फोटो काढला असता तर त्यात ती कड आलीच असती, पण आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आली नसती. मग त्यानं झाडाखाली बापाला उभं केलं आणि पेन्सिल लांब धरून मोजलं. दीड बाबा. म्हणजे उंटाची मान कुठवर जाते ते आम्हाला कळलं, आणि तेच त्यानं चित्राखाली लिहिलंय, हिब्रूत आणि त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत: 'उंट = दिड बाबा'.